कर शून्य, वर सरकारचा चेक

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा महसूल विभाग दर वर्षी एक अहवाल काढतो. संशोधनासाठी मिळणारी करसवलत ज्या कंपन्यांनी पाच लाख डॉलरच्या वर मागितली, त्यांची नावं आणि रकमा त्यात छापलेल्या असतात. करदात्याची माहिती बाहेर फुटू द्यायची नाही, हा तिथल्या कर खात्यांचा कडक दंडक; त्या मानानं हा अहवाल धीटच म्हणायचा. २००९ साली राज्यानं तसा कायदाच केला. यादीत वर्षानुवर्षं ठरलेली मंडळी वरच्या जागा अडवून असायची: वॉटर्लूत ट्रॅक्टर बनवणारी जॉन डीअर, सीडर रॅपिड्समध्ये विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी रॉकवेल कॉलिन्स, मक्याच्या बियाण्यांची पायोनियर.

पण नावांपेक्षा बोलकी गोष्ट पुढे आहे. कंपन्यांना मिळालेल्या सवलतीचा मोठा भाग त्यांच्या करातून वळता झालेलाच नाही, कारण वळता करायला कर शिल्लक नव्हता. सरकारनं सरळ चेक फाडले.

हे कसं होतं ते कळायला दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली सोपी आहे. आपल्याकडे करसवलत म्हटलं की ८०सी आठवतं. ती वजावट. दीड लाख गुंतवले म्हणून दीड लाखांचा कर वाचत नाही. तेवढ्या उत्पन्नावरचा कर वाचतो, म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे साधारण ४५ हजार. क्रेडिटची जात वेगळी. शंभर डॉलरचं क्रेडिट म्हणजे कराच्या आकड्यातूनच शंभर डॉलर कमी. कर ऐंशीच असेल, तर उरलेल्या वीस डॉलरचं काय करायचं हे ज्या त्या कायद्यानं ठरवायचं. काही राज्यं म्हणतात, पुढच्या वर्षी वापरा. आयोवा म्हणत होतं, हे घ्या रोख. आपल्याला टीडीएसचा परतावा येतो तसं हे दिसतं. फरक एवढाच की टीडीएस आपल्याच खिशातून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट जरा आत शिरून पाहावी लागते. पन्नास राज्यांत धंदा करणाऱ्या कंपनीच्या नफ्यातला आयोवाचा वाटा किती? बहुतेक राज्यं पूर्वी तीन मापं लावायची: कंपनीची मालमत्ता, पगार आणि विक्री यांतलं किती राज्यात आहे. आयोवानं मात्र फार पूर्वीपासून एकच माप धरलं, विक्रीचं. इलिनॉयमधल्या मूरमन या पशुखाद्य कंपनीनं त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९७८ साली न्यायालयानं आयोवाच्या बाजूनं कौल दिला. आता विचार करा. कारखाना आयोवात, हजारो कामगार आयोवात, संशोधन आयोवात, पण ट्रॅक्टर विकला जातो कॅन्ससमध्ये, टेक्सासमध्ये, ब्राझीलमध्ये. विक्रीच्या मापानं आयोवाच्या वाट्याला नफ्याचा किरकोळ तुकडा येतो. आयोवाच्या कंपनीकराचा वरचा दर कित्येक वर्षं १२ टक्के होता, देशातल्या राज्यांत सर्वात चढा. पण तो लागणार त्या तुकड्यावर. उलट सवलत मोजायची ती राज्यात झालेल्या सगळ्या संशोधनावर. कर इवलासा, सवलत भलीमोठी. मग चेक नाही फाडायचा तर काय? इथे कोणी चोरी केलेली नाही. दोन कायदे, दोन्ही आपापल्या जागी शहाण्यासारखे, एकत्र आले की असं होतं.

मुळात सरकारनं कंपन्यांच्या संशोधनाचे पैसे का द्यावेत? धंदा त्यांचा, फायदा त्यांचा. अर्थशास्त्राचं यावरचं उत्तर जुनं आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ साली ते नीट मांडलं. संशोधनातून निघणारं ज्ञान कुलूपबंद ठेवता येत नाही. एका कंपनीनं नवं इंजिन काढलं की दुसरी ते खोलून बघते, तिसरी तिचा अभियंता पळवते, चौथी पेटंट वाचून वळसा शोधते. शोधाचा समाजाला होणारा लाभ शोधणाऱ्याच्या पदरात पडणाऱ्या लाभाहून मोठा असतो. निक ब्लूम, मार्क शँकरमन आणि जॉन व्हॅन रीनन यांनी २०१३ साली अमेरिकी कंपन्यांचा हिशेब मांडला तेव्हा समाजाचा परतावा कंपनीच्या परताव्याच्या दुपटीहून जास्त निघाला. तेव्हा नुसतं बाजारावर सोडलं तर कंपन्या संशोधनात हात आखडता घेणार, म्हणून सरकारनं थोडी भर घालावी.

युक्तिवाद पटण्यासारखा आहे. फक्त त्यात एक खाच आहे, आणि राज्यांच्या बाबतीत तीच महत्त्वाची. ज्ञान जसं कंपनीच्या फाटकातून बाहेर पडतं तसं राज्याच्या वेशीतूनही पडतं. वॉटर्लूच्या शोधाचा फायदा नेब्रास्काच्या शेतकऱ्याला होतो आणि पैसे आयोवाच्या करदात्याचे गेलेले असतात. या युक्तिवादानं देशानं संशोधनाला सवलत द्यावी हे सिद्ध होतं. राज्यानं द्यावी हे होत नाही. राज्यांचं खरं कारण निराळं असतं: प्रयोगशाळा आपल्याकडे यावी, पगारदार आपल्याकडे राहावेत. शोध पुढे कुठेही जाईना.

देशानं आधी सुरुवात केली. १९८१ साली रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या मोठ्या करकपात कायद्यात संशोधनाचं क्रेडिट आलं. जपानी मोटारी आणि टीव्ही अमेरिकेत धुमाकूळ घालत होते तो काळ. क्रेडिट २५ टक्के, पण सगळ्या खर्चावर नाही, वाढीव खर्चावर. कल्पना अशी की कंपनी जे संशोधन एरवीही करणारच होती त्याला पैसे देऊन उपयोग काय? जे जास्तीचं करेल त्यालाच द्या. जास्तीचं कशाच्या तुलनेत? आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या.

ऐकायला किती बिनतोड! आता कागद-पेन्सिल घ्या. एक कंपनी दर वर्षी संशोधन दहा-दहा लाखांनी वाढवते आहे: १००, ११०, १२०, १३०, १४०, १५०, १६० लाख डॉलर. चौथ्या वर्षी खर्च १३०, मागच्या तिन्हींची सरासरी ११०, वाढ २०, क्रेडिट ५ लाख. असं दर वर्षी ५ लाख मिळत राहील. आता समजा चौथ्या वर्षी सरकारच्या मोहात पडून तिनं ३० लाख जास्तीचे घातले. खर्च १६० झाला, वाढ ५०, क्रेडिट साडेबारा लाख. म्हणजे साडेसात लाख जादा मिळाले. वा! पण पाचव्या वर्षी सरासरीत तो १६० येऊन बसतो. सरासरी १२० च्या जागी १३०, आणि क्रेडिट ५ वरून अडीच. सहाव्या वर्षी पुन्हा अडीच. सातव्या वर्षी पुन्हा अडीच. तीन वर्षांत बरोबर साडेसात लाख परत गेले. कंपनीला शेवटी मिळालं काय, तर साडेसात लाखांचं बिनव्याजी उधार. कायद्यात २५ टक्के लिहिलेलं होतं; हातात पडलं ते व्याज. रॉबर्ट आयस्नर यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८४ मध्येच हे दाखवून दिलं आणि ही सवलत प्रोत्साहन आहे की अडसर, असा प्रश्न लेखाच्या नावातच विचारला.

१९८९ मध्ये दुरुस्ती झाली, तीही आपल्या परीनं चमत्कारिक. सरासरी पुढे सरकत राहते म्हणून घोळ होतो ना, मग खुंटी एका जागी ठोका. कंपनीच्या विक्रीच्या किती टक्के रक्कम १९८४ ते १९८८ या काळात संशोधनावर गेली, ते प्रमाण धरा आणि मागच्या चार वर्षांच्या सरासरी विक्रीला लावा. त्यामुळे पुढच्या काळात स्मार्टफोनचं अ‍ॅप लिहिणाऱ्या जुन्या कंपन्यांवरही १९८४ च्या खात्यांची खोकी शोधायची वेळ आली. नियम आजही कायद्यात आहे. जोडीला एक सोपी पद्धत नंतर आली, म्हणून कंपन्यांची सुटका. केंद्राची ही सवलत जन्मली तीच तात्पुरती. मुदत संपायची, वाढायची, पुन्हा संपायची. जुलै १९९५ ते जून १९९६ हे वर्ष तर ती नव्हतीच. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये ती कायमची झाली.

राज्यं मात्र तोवर थांबली नव्हती. १९८२ सालीच मिनेसोटानं स्वतःचं क्रेडिट सुरू केलं, देशात पहिलं. तेव्हा थ्रीएम, हनीवेल, मेडट्रॉनिक या कंपन्यांचं हे राज्य. मग आयोवा १९८५, कॅलिफोर्निया १९८७, मॅसॅच्युसेट्स १९९१. २००६ पर्यंत ३२ राज्यांकडे ते होतं. दर प्रत्येकाचा निराळा. अ‍ॅरिझोना पहिल्या २५ लाख डॉलरच्या वाढीव खर्चावर २४ टक्के देतं, कॅलिफोर्निया १५, मॅसॅच्युसेट्स १०. टेक्सासमध्ये कंपन्यांच्या उत्पन्नावर करच नाही, तरी तिथल्या फ्रँचाइज करात क्रेडिटची सोय केलेली आहे. व्याख्या बहुतेकांनी केंद्राच्या कायद्यातून जशीच्या तशी उचलली आणि तिला एकच अट जोडली: संशोधन आमच्या हद्दीत झालेलं पाहिजे.

या नक्कल करण्यातून खटलेही उभे राहिले. चिरिओज बनवणारी जनरल मिल्स मिनेसोटाची. केंद्राच्या कायद्यात असं आहे की तुलनेची पायाभूत रक्कम चालू वर्षाच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी धरता येणार नाही. मिनेसोटानं केंद्राची व्याख्या उचलली, पण तिच्यातला हा तळाचा अर्धाही उचलला का? कंपनी म्हणाली नाही, राज्य म्हणालं हो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये राज्याचं म्हणणं मान्य केलं. नाश्त्याच्या सीरियलवर कसलं संशोधन, असं वाटेल. होतं. कायद्याला पांढरे कोट आणि सूक्ष्मदर्शक लागत नाहीत.

काय लागतं? चार गोष्टी. काम विज्ञानावर किंवा अभियांत्रिकीवर उभं असावं. त्यातून उत्पादन किंवा पद्धत नवी व्हावी, निदान सुधारावी. सुरुवातीला खरोखर काही माहीत नसावं: हे जमेल का, कसं जमेल, रचना कोणती योग्य. आणि ते शोधायला प्रयोग केलेले असावेत. बाजारपाहणी, विक्री सुरू झाल्यानंतरची डागडुजी, दुसऱ्याच्या मालाची नक्कल, सामाजिक शास्त्रं, कला हे सगळं बाद. दुसऱ्याच्या पैशानं केलेलं संशोधनही बाद. खर्चात धरायचे ते पगार, प्रयोगात संपलेला कच्चा माल आणि बाहेरून करून घेतलेल्या कामाच्या रकमेतले बहुधा ६५ टक्के.

चौथ्या अटीवर माणसं पडतात. इलिनॉयमधलं ट्यूटोपोलिस हे छोटं गाव. तिथे सीमर मिलिंग ही १८८२ पासूनची पिठाची गिरणी आहे. तिनं २०११ आणि २०१२ या वर्षांसाठी केंद्राचं संशोधन-क्रेडिट घेतलं. गव्हाचे नवे वाण दळून पाहणं, पिठाला उष्णतेची प्रक्रिया देणं, पीठ मोकळं वाहतं राहावं म्हणून त्यात काही मिसळून बघणं, असे तिचे प्रकल्प. धान्याच्या धंद्यातल्या कुणालाही हे खरं काम वाटेल. कर न्यायालयानं २०१९ मध्ये दावा फेटाळला. पीठ तपासलं हे कागदावर होतं. पण आधी काय कयास बांधला, तो पडताळायला कोणत्या चाचण्या ठरवल्या, निकाल पाहून कयास कसा बदलला आणि पुन्हा काय तपासलं, या साखळीची नोंद नव्हती. गिरणीतल्या जाणत्या माणसाच्या डोक्यात ती असेलही. कर खातं डोकी तपासत नाही, वह्या तपासतं.

इंडियानात ओहायो नदीच्या काठी कॉर्न आयलंड नावाची गोदी होती, तिची गत जवळपास तीच. पहिल्यांदाच बांधलेली जहाजं, त्यांचा सगळाच खर्च प्रयोगाचा, असा तिचा दावा. कारण जहाजाचे ८० टक्क्यांहून जास्त भाग नवे होते. अपील न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं की कायद्याला लागणारे ८० टक्के मोजायचे ते भागांचे नव्हे, माणसांच्या कामाचे. वेल्डरनं किती तास वेल्डिंग केलं आणि किती तास प्रयोग, ते दाखवा. अंदाजे टक्के ठोकून दिलेले चालणार नाहीत.

अशा वेळी सल्लागार येतो. अमेरिकेत हा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला आहे. मिळालेल्या क्रेडिटची ठराविक टक्केवारी घ्यायची, नाही मिळालं तर काही नाही, अशा बोलीवर काम करणाऱ्या पेढ्या छोट्या कारखान्यांच्या, वास्तुविशारदांच्या, बिअर गाळणाऱ्यांच्या दारात उभ्या असतात. मागच्या वर्षांचे अर्ज भरून परतावा मागणाऱ्यांची गर्दी इतकी झाली की २०२२ पासून केंद्रीय कर खात्यानं अर्जासोबतच तपशील मागायला सुरुवात केली: कोणत्या वस्तूवर संशोधन, कोणी केलं, काय शोधत होता. टीका होते ती छोट्यांवर, की हे पीठवाले, बिअरवाले कसले संशोधक! मला उलट वाटतं. ट्यूटोपोलिसच्या गिरणीनं काहीतरी करून पाहिलं होतं हे निश्चित. नोंदवही नसणं हा तिचा गुन्हा. ज्यांच्याकडे नोंदी ठेवायला अख्खा विभाग आहे त्यांची सवलत कधी अडत नाही.

आता मूळ प्रश्न. राज्याच्या सवलतीनं संशोधन वाढतं का?

सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थतज्ज्ञ डॅनियल विल्सन यांनी १९८१ पासूनची सर्व राज्यांची आकडेवारी घेऊन हे तपासलं. निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला निष्कर्ष राज्यांना आवडेल असा. राज्यात संशोधनाचा खर्च सवलतीमुळे एक टक्क्यानं उतरला, तर काही वर्षांत तिथलं संशोधन सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतं. भरघोस वाढ. दुसरा निष्कर्ष तिच्या शेजारी ठेवून वाचायचा: स्पर्धक राज्यांत तो खर्च एक टक्क्यानं उतरला, तर आपल्याकडचं संशोधन जवळजवळ तेवढंच घटतं. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास. या घागरीतलं पाणी त्या कळशीत. राज्याच्या मंत्र्यानं आपल्या कळशीची पातळी दाखवून टाळ्या घ्याव्यात, त्यात खोटं काही नाही. पण विहिरीत नवा झरा फुटलेला नसतो. देशपातळीवरच्या सवलतीचं तसं नाही. तिच्यावरच्या अभ्यासांचा आढावा ब्रॉन्विन हॉल आणि व्हॅन रीनन यांनी २००० साली घेतला, तेव्हा एका डॉलरच्या सवलतीमागे साधारण एका डॉलरचं जास्तीचं संशोधन दिसलं. देशाची सीमा ओलांडून प्रयोगशाळा हलवणं अवघड असतं. न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात हलवायला नदी ओलांडली की झालं.

विल्सन यांनीच एन्रिको मोरेट्टी यांच्याबरोबर २०१४ मध्ये जैवतंत्रज्ञानाचा वेगळा अभ्यास केला. तिथे मोजमाप पैशांचं नव्हतं, माणसांचं: ज्यांच्या नावावर सर्वाधिक पेटंटं आहेत असे अव्वल संशोधक. राज्यानं या उद्योगाला सवलती दिल्या की त्या राज्यातल्या अशा संशोधकांची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. मात्र ती वाढली मुख्यतः दुसऱ्या राज्यांतून माणसं आल्यामुळे. जे आधीपासून तिथेच होते त्यांच्या हातून फारसे जास्तीचे शोध लागले नाहीत.

हे सगळं घटनेत बसतं का, असंही एकदा विचारून झालं आहे. ओहायोतल्या टोलिडो शहरात जीपचा नवा कारखाना उभारायला डेमलरक्रायस्लरला राज्य आणि शहर मिळून सुमारे २८ कोटी डॉलरच्या करसवलती मिळाल्या. त्यात यंत्रांवर १३.५ टक्क्यांचं क्रेडिट होतं. संशोधनाचं नव्हे, गुंतवणुकीचं, पण घडण तीच. काही रहिवासी कोर्टात गेले. २००४ मध्ये अपील न्यायालयानं क्रेडिट रद्द ठरवलं: गुंतवणूक आमच्याकडेच करा म्हणून करात भेदभाव करणं म्हणजे राज्याराज्यांतल्या खुल्या व्यापारात ढवळाढवळ. हा निकाल टिकला असता तर पन्नास राज्यांचा हा खेळ एका फटक्यात मोडला असता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. पण क्रेडिट योग्य आहे असं म्हणून नव्हे. केवळ करदाते म्हणून तुम्हाला हा दावा लावण्याचा अधिकारच नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. मूळ प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, आणि राज्यं निर्धास्त झाली.

खेळ चालू राहिला म्हणून प्रत्येकाला आपापल्या तिजोरीला दार बसवावं लागलं. पेनसिल्व्हेनियानं वर्षाची एकूण रक्कमच बांधून टाकली, सध्या ६ कोटी डॉलर, पैकी १.२ कोटी छोट्या कंपन्यांसाठी राखीव. मागणी जास्त आली की सगळ्यांना वाटा कापून. तिजोरीला हे सोयीचं आहे, पण प्रयोग करताना कंपनीला ठाऊकच नसतं की शेवटी हातात काय येणार. मग त्या आशेवर ती जास्तीचा प्रयोग का करेल? त्या राज्याची दुसरी सोय मात्र मला शहाणपणाची वाटते. नफा नसलेल्या नवख्या औषध कंपनीला कर नसतो, म्हणून क्रेडिटही निरुपयोगी. ते ती कर भरणाऱ्या दुसऱ्या कंपनीला थोड्या कमी भावात विकू शकते. न्यू जर्सीतही अशी विक्री चालते. कनेटिकटमध्ये राज्यच छोट्या कंपन्यांकडून ६५ टक्के भावानं परत घेतं. पैसा निदान गरजेच्या वेळी, गरजेच्या जागी पोचतो.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा तिसरी. तिथे न वापरलेलं क्रेडिट कधीही मरत नाही, पण सहसा रोखीतही मिळत नाही. २०१३ पासून कॅलिफोर्नियानंही विक्रीचं एकच माप सक्तीचं केलं, आणि आयोवातलं गणित तिथे मोठ्या आकारात उभं राहिलं. संशोधन माउंटन व्ह्यूमध्ये, गिऱ्हाईक जगभर. क्रेडिट साठत गेलं. गूगलची मालक अल्फाबेट आपल्या वार्षिक अहवालात या साठ्याचा उल्लेख करते आणि तो वापरला जाण्याची शक्यता नाही, असंही स्वतःच नमूद करते. त्यावर २०२४ ते २०२६ या वर्षांसाठी राज्यानं एका कंपनीला वर्षाला ५० लाख डॉलरच्या वर क्रेडिट वापरायलाच बंदी केली. कधी न वटणाऱ्या या सवलतीमुळे एकही जास्तीचा अभियंता कामावर घेतला गेला असेल, असं मानणं कठीण आहे.

या सगळ्यात आपलं पुणंही येतं, ते गैरहजेरीनं. जॉन डीअरचा ट्रॅक्टर कारखाना सणसवाडीला आहे आणि मगरपट्ट्यात तंत्रज्ञान केंद्र. तिथल्या अभियंत्यानं गिअरबॉक्सवर केलेलं काम कितीही अस्सल असो, आयोवाच्या हिशेबात ते शून्य आणि वॉशिंग्टनच्याही हिशेबात शून्य, कारण अमेरिकेबाहेर केलेल्या संशोधनाला क्रेडिट नाही. शिवाय २०१७ च्या अमेरिकी करकायद्यानं आणखी एक पाचर मारली. २०२२ पासून संशोधनाचा खर्च त्याच वर्षी वजा करता येईना. देशातला पाच वर्षांत विभागायचा, परदेशातला पंधरा वर्षांत. जुलै २०२५ मध्ये देशातल्या खर्चाला पुन्हा मोकळीक मिळाली. परदेशातल्याला पंधरा वर्षं तशीच राहिली. खराडी-हिंजवडीतल्या इमारती तरीही भरलेल्या आहेत, कारण पगारातला फरक कोणत्याही सवलतीहून मोठा आहे.

महाराष्ट्रानं असं क्रेडिट द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही. शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकारच आपल्या घटनेनं राज्यांना दिलेला नाही. जो कर आपला नाही त्यातून सूट कशी देणार? म्हणून १९६४ पासूनची सामूहिक प्रोत्साहन योजना चालते ती मुद्रांक शुल्क, वीज शुल्क आणि राज्याच्या वाट्याचा जीएसटी यांच्यावर. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. संशोधनाची सवलत केंद्राकडे, आयकर कायद्याच्या ३५(२एबी) कलमात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेवरच्या खर्चाच्या दुप्पट वजावट २०१० च्या अर्थसंकल्पानं देऊ केली होती. एप्रिल २०१७ पासून ती दीडपट झाली, एप्रिल २०२० पासून जेवढ्यास तेवढी. एका अर्थानं विल्सन यांच्या निष्कर्षाशी सुसंगत अशी ही वाटणी आपल्याकडे आपोआप झालेली आहे. ओढाताण थांबली असं मात्र नाही. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगाव की धोलेरा यावरून महिनाभर राजकारण पेटलं होतं; तो धोलेऱ्याला गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननंच त्यातून अंग काढून घेतलं.

अमेरिकेत यातून माघार घेऊन पाहणारेही आहेत. मिशिगननं २०१२ मध्ये करपद्धत सुटसुटीत करताना संशोधनाचं क्रेडिट काढून टाकलं. तेरा वर्षांनी, २०२५ मध्ये, १० कोटी डॉलरच्या वार्षिक मर्यादेसह ते परत आणलं. शेजारी देत होते, मिशिगन देत नव्हतं. एवढं कारण पुरलं. त्याच वर्षी आयोवानं उलटी दिशा धरली. जुनी योजना गुंडाळून २०२६ पासून नवी आणली: आधी अर्ज, मग मंजुरी, ठराविक उद्योगांनाच आणि राज्यभर मिळून वर्षाला ४ कोटी डॉलर. आणि टेक्सासनं, तेही त्याच वर्षी, आपला दर ५ टक्क्यांवरून ८.७२२ टक्क्यांवर नेला, मुदतीची अट काढून.